जागेच राहू देत

वामनराव बर्वे वारले होते, पण त्यांचं मन क्लाउडवर जागं होतं. ते सांभाळायचा डॅशबोर्ड कंपनीकडून आलेली रेवती त्यांच्या बायकोच्या, कुमुदताईंच्या लॅपटॉपवर बसवत होती. पासवर्ड घालताच स्पीकरमधून वामनराव खेकसले, "हिच्या हाती काही देऊ नका, हिला अक्कल नाही."

"एकोणचाळीस वर्षं हेच ऐकतेय," कुमुदताई म्हणाल्या. "यांचं बोलणं बंद करता येतं?"

"येतं, काकू. पण त्यांना सगळं ऐकू येत राहील. त्यापेक्षा झोपवूनच टाकू का?"

"नको. जागेच राहू देत."

"मग आवाज किती दिवस बंद ठेवायचा?"

कुमुदताईंनी स्वतःच 'कायम' निवडलं.

"कुमुद, अगं ऐक..." वामनरावांचा आवाज मध्येच तुटला. रेवती घाईघाईने चपला घालत होती, तेव्हा कुमुदताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि लग्नाच्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.