उंबऱ्यावरची हाक

मनुष्य घर सोडतो तेव्हा त्याने आपले ते सर्व बरोबर न्यावे आणि परक्याचे काहीही नेऊ नये, एवढाच त्या दिवसाचा धर्म आहे. सांगावयास तो सोपा आहे. पाळताना मात्र, आपले कोणते आणि परक्याचे कोणते, येथेच भल्याभल्यांची बुद्धी अडते.

“जातं तळाला ठेव,” गुरुबसप्पा गाडीवानाला म्हणाले. “त्यावर पोती.” मग ते घरधनिणीकडे वळले. “आणि बाई, आज सांजंला लागंल तेवढं पीठ-मीठ येगळ्या गठुळ्यात बांधा की. तितं गेल्यावर एका तव्यासाठी सारा संसार उपसायला नको.”

“अप्पा,” गाडीवान गुंडा हसला, “येवढं जपून मी माजं वऱ्हाडबी न्हेलं न्हवतं.”

“म्हणून तर नवरी वाटंवर इसरून आला होतास.”

शके १८५०च्या मार्गशीर्षातील ती सकाळ होती. शहराच्या बाळीवेशीजवळचे ते दुमजली घर महिपती सोडून चालला होता. तो मूळचा करमाळ्याचा; येथे कापडगिरणीत कामाला होता. गुरुबसप्पा हे घरांची दलाली करणारे वृद्ध गृहस्थ. कपाळी भस्माचे पट्टे, बोलणे मोजके. हे घरही त्यांनीच महिपतीला मिळवून दिले होते. मालक परगावी असतात, असे ते म्हणाले होते. भाड्यासाठी त्यांनी ताणून धरले नाही. विचारले ते एवढेच:

“लेकरू हाय न्हवं? बिनलेकराच्या माणसाला हे घर देत न्हाय. ओकं ओकं वाटतं.”

लेकरू होते. विजयमाला, सहा वर्षांची. आणि आता तिच्याचसाठी घर सोडणे भाग पडले होते.

पावसाळा सरल्यापासून ती जिन्याखालच्या अंधारात कोणाशी तरी बोलत बसे. आपल्या ताटातली अर्धी भाकरी तेथे नेऊन ठेवी. घरात कानडी कोणालाच येत नव्हते. तरी ती “इल्ली बा, इल्ली बा” असे गुणगुणत राही. शेजारणीने अर्थ सांगितला, ‘इकडे ये.’ त्या दिवसापासून तिच्या आईच्या, कस्तुराबाईंच्या, घशाखाली घास उतरेना. मुलगी दिवसेंदिवस वाळत होती. वैद्यांना नाडीत दोष सापडत नव्हता.

“कोण असतं गं तितं?” आईने एकदा विचारले.

“माजी मैत्रीण हाय. पर नाव सांगत न्हाय. जाताना सांगीन म्हणती.”

महिपतीने सांगितलेली ही हकिकत गुरुबसप्पांनी मान खाली घालून ऐकली. मग म्हणाले, “पोरीला हलवा. नवं घर मी बघतो. दलाली नको.”

शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी सारे केले. लष्कर भागात उन्हाचे, मोकळे घर शोधले. आदल्या दिवशी स्वतः उभे राहून ते झाडून, सारवून घेतले. चूल मांडवून पाणी भरून ठेवले. आज भांड्यांना वाकळा गुंडाळविल्या, लोणच्याच्या बरण्यांची तोंडे बांधविली. कोपरान् कोपरा हाताने चाचपून पाहिला. विजयमालेची एक बांगडी जिन्याखाली सापडली, तीही त्यांनी आईच्या हाती दिली.

“तुमचं काय बी हितं ऱ्हायला नको,” ते म्हणाले.

देव्हाऱ्यातले देव शेवटी टोपलीत ठेवले. मग गुरुबसप्पांनी महिपतीला अंगणात, घराकडे तोंड करून उभे केले.

“आता एकेकाला नावानं हाक मारा. ज्यानं त्यानं ‘आलो’ म्हणून उंबरा वलांडायचा. म्हंजे कुणाचा जीव मागं अडकत न्हाय. पर ध्यानात ठेवा, आपल्याच माणसांना हाक मारायची. दुसऱ्या कुणाला न्हाय.”

“कस्तुरा!”

“आले.” देवांची टोपली उराशी धरून ती बाहेर आली.

“विजयमाला!”

उत्तर आले नाही. कस्तुराबाईंचे ओठ पांढरे पडले. महिपतीने पुन्हा हाक दिली.

“आले, आबा.”

मुलगी उंबरा ओलांडून आली. ऊन तोंडावर पडताच तिने डोळे मिटले. आईने तिला कवटाळले. मात्र ती मान वळवून दाराकडेच पाहू लागली.

“आबा, आता तिला बोलवा की. दारात उबी हाय. तिनं मला नाव सांगितलंय.”

दारात कोणी नव्हते.

“तुमी न्हाय बोलवत, तर मी बोलवते. ना...”

गुरुबसप्पांनी झेपावून तिच्या तोंडावर हात ठेवला. एवढ्या वयाचा मनुष्य इतक्या त्वरेने हलेल असे कोणास वाटले नसते. त्यांनी कनवटीची पुडी सोडली. तीत गुळाचे दोन खडे होते. एक त्यांनी मुलीच्या तोंडात घातला, दुसरा पुन्हा बांधून ठेवला आणि तिला उचलून गाडीत बसविले.

कस्तुराबाईंनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. “अप्पा, माजी पोर राखली तुमी.”

“ज्यानं त्यानं आपली पोर राखावी, बाई,” ते म्हणाले. “जावा. मागं बघू नका.”

गाडी वळणाआड गेली. घुंगरांचा नाद विरेपर्यंत गुरुबसप्पा अंगणात उभे होते. मग त्यांनी उंबरा ओलांडला, दार आतून लावून घेतले आणि दिवा न लावताच, सवयीच्या पावलांनी, ते जिन्याखाली जाऊन बसले. पुडीतला उरलेला खडा त्यांनी अंधाराच्या पुढे ठेवला.

“इल्ली बा, नागम्मा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “रडू नको, लेकी. तुजा बाप दुसरी मैत्रीण आणतो. आता गेली तिला हात जोडून म्हण बघू, सुखी ऱ्हा.”