कमी भरणारी पिशवी

सिमरन नर्सवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता.

ऑपरेशनसाठी सासरे साताऱ्याहून चंडीगडला, सेक्टर बावीसमधल्या आमच्या दोन खोल्यांत आले होते. आता लघवीची नळी लागलेली. पिशवीत पुरेशी लघवी जमायला लागली की नळी काढू, मग ते घरी जायला मोकळे, असं डॉक्टर माझ्या नवऱ्याला, रुपेशला, म्हणाले होते. सकाळी मला ती पिशवी टम्म फुगलेली दिसायची, आणि दुपारी ही बया मापाचं भांडं नाचवत सांगायची, "भाभीजी, आज भी कम है." रक्ताचे रिपोर्ट चांगले आणि लघवीच तेवढी कमी? मोजायचा कंटाळा, म्हणून ओतून देत असणार. दुसरं काय!

काल मी तिला "कल से मत आना" म्हणून सांगितलं. बिचारी डोळे पुसत गेली.

आज मीच भांडं घेऊन मोजायला गेले, तर पलंग रिकामा. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. आत बाबा पिशवीची तोटी उघडून कमोडवर धरून उभे होते. मला बघून ओशाळले.



"ही भरली की रुपेश माझं साताऱ्याचं तिकीट काढणार ना गं, ऋजुता?"