डोक्यावरची मोळी

"पट्टी म्हणते तू दिवसभर बसून असतेस," वैजयंता सिस्टर वैतागून म्हणाल्या. "अर्धा तास चालायला काय होतं गं?"

"रोज डोंगर चढते. किती वेळा सांगू?" गेंदली पावरा म्हणाली.

पोटुशी असताना तिची साखर वाढली होती. ती पुन्हा वाढू नये म्हणून बाळंतपणानंतर मनगटावर सरकारी पट्टी आली. चालणं मोजून पट्टी आपणच अंगात औषध सोडायची. या आठवड्यात पट्टीने औषध दुप्पट केलं, आणि काल चढणीवर गेंदलीची साखर एकदम उतरली, घाम फुटून पाय लटपटले. पाठीला झोळीत तान्ही पोर होती.

"पट्टी खोटं बोलत नाही."

गेंदलीने दवाखान्याच्या दाराशी टेकवलेली लाकडाची मोळी उचलून थेट सिस्टरच्या डोक्यावर ठेवली. "दोन्ही हातांनी धरा. फाटकापर्यंत जाऊन या."

सिस्टर धुसफुसत गेल्या आणि धापा टाकत परतल्या. मोळी उतरवून त्यांनी स्वतःच्याही मनगटावरची तशीच पट्टी पाहिली. पावलांचा आकडा होता तिथेच होता. हात झुलला नाही म्हणजे पाऊल पडलं नाही, एवढंच पट्टीचं गणित.

"बराच वेळ बसून आहात," त्यांची पट्टी गोड आवाजात म्हणाली. "थोडं चाला."

सिस्टरने कात्री घेतली आणि गेंदलीचा पट्टीचा हात पुढे ओढला.