शेपटीतलं भोक

गळाने मासे धरायच्या स्पर्धेत खर्च नकोच, हे शिंप्याने आधीच ठरवलं होतं. फी नाही, बक्षीस म्हणून घरातला जुना थर्मास, आणि मासा मोजायला दुकानातली टेप. मोजून झाला की ज्याचा त्याने तो पुन्हा तळ्यात सोडायचा.

न्हावी बादलीतून मासा घेऊन आला, सव्वाचौदा इंच. मग इलेक्ट्रिशियन आला, त्याचाही सव्वाचौदा. शेवटी रिटायर्ड हेडमास्तर आले. "अर्धा तास झुंजवलं हो मला याने!"

टेप लावताना शिंप्याला शेपटीत सुईचं बारीक भोक दिसलं. तस्संच भोक आधीच्या दोघांच्या माशांनाही होतं.

एकच मासा बादलीतून फिरवतायत लेकाचे! एका पोचे पडलेल्या थर्माससाठी! आणि त्यात हेडमास्तरसुद्धा! शिंप्याला अगदी शिसारी आली. सगळ्यांसमोर पितळ उघडं पाडायचं म्हणून तो तावातावाने उठला.

"काय रे, मापात काही गडबड आहे का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"छे हो सर. झकास मासा आहे," म्हणत शिंपी खाली बसला.

 

पहाटे बाजारातून तो मासा जिवंत आणून, शेपटीत दोरा ओवून, स्पर्धेत स्वतःचा म्हणून दाखवायला काठच्या दगडाखाली पाण्यात बांधून ठेवताना ते भोक त्यानेच पाडलं होतं.