नखांची नोंद

वैजयंताताईंनी पाड्यावरच्या सहा वर्षांच्या बुधीचा हात नखं तपासायच्या यंत्राजवळ नेला. सगळी नखं मुळापासून कापलेली होती.

"सरकारी बाई येणार म्हणून पायाचीबी काढली," बुधीची आई सुकरी कौतुकानं म्हणाली.

"अगं, मूल किती महिने अर्धपोटी राहिलं ते यंत्र नखांतूनच वाचतं! आज नोंद झाली नाही, तर हिचं दूध-अंडं वर्षभर बंद. कापलेली कुठायत?"

"चुलीत टाकली."

सुकरीनं स्वतःचा हात पुढे केला. "माझं घ्या, ताई."

यंत्राचा पडदा लालभडक झाला. एवढी उपासमार ताईंनी कुठल्याच मुलाच्या नखात पाहिली नव्हती. खाली प्रश्न उमटला : मुलाचं वय?

खोट्या नोंदीपायी नोकरी जात होती.

ताईंनी सहा दाबलं.