तासभर गप्प

सात आठवडे झाले तरी काकांचा ताप हटायचं नाव घेत नव्हता. हा साधा सुजेचा आजार आहे की लिम्फोमा, म्हणजे ग्रंथींचा कॅन्सर, हे आता पेट स्कॅनवरून कळणार होतं. इंजेक्शन दिल्यावर टेक्निशियनबाईंनी त्यांना खोलीत एकटं निजवलं, त्यांचा फोन काढून घेतला आणि बजावलं, "काका, तासभर बोलायचं नाही हं. बोललात तर गळ्याचे स्नायू स्कॅनमध्ये चमकतात आणि आमची फसगत होते."

"बोलू कुणाशी, बाई? भिंतीशी?" काका हसले.

स्कॅनमध्ये काकांचा गळा लख्ख उजळला होता.

"हे बोलल्यामुळे झालंय, सोडून द्या," आत पडद्याकडे बघत डॉक्टर टेक्निशियनबाईंना म्हणाले. "पण काखेत, जांघेत, पोटात बघा. ही सूज वाटत नाही, लिम्फोमाच दिसतोय. गाठीचा तुकडा तपासूच, पण मला फारशी आशा नाही."

टेक्निशियनबाई बाहेर आल्या. रिपोर्टबद्दल अवाक्षर काढायची त्यांना मुभा नव्हती, म्हणून लटक्या रागाने त्या एवढंच म्हणाल्या, "एवढं बजावूनही बोललातच ना, काका? खोलीत तर चिटपाखरूही नव्हतं."

शर्टाची बटणं लावता लावता काका ओशाळले.


"लेकीला फोनवर 'काही नाही गं, नुसती सूज आहे' असं सांगायची तालीम करत होतो, दर वेळी आवाज कापायचा, मग पुन्हा पहिल्यापासून."