मोगऱ्याच्या मेणबत्त्या

मृदुलाने खिडक्या लावून हॉलभर मोगऱ्याच्या मेणबत्त्या मांडल्या. दिवे मुद्दाम लावलेच नाहीत. आजारपणात तिला वास यायचा थांबला तो कायमचाच. पण मोगरा नवऱ्याच्या आवडीचा आणि आज त्याचा वाढदिवस.

कुलपात किल्ली फिरताच तिने काडी ओढली. काडी सादळलेली, पेटली नाही. तिने दुसरी काढली.

“काडी टाक!” हेमंत दारातूनच ओरडला. “घरभर गॅसचा वास सुटलाय!” आणि सवयीने त्याचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

“बटण नको!” ती किंचाळली.

हात थबकला. अंधारात चाचपडत त्याने खिडक्या उघडल्या, दूध उतू जाऊन विझलेली शेगडी बंद केली.

“मोगऱ्याच्या आहेत,” भिंतीला टेकून ती कशीबशी म्हणाली. मुठीतली काडेपेटी काही केल्या तिला सोडता येईना.